देवाच्या पाण्याचा नळ

एप्रिल अर्धा सरला की आमच्या न्हाणीतल्या नळाला पाण्याच्या आधी वारा येतो. आधी तो घशात काहीतरी अडकल्यासारखा खाकरतो, मग तांबूस गढूळ पाण्याची एक चूळ टाकतो आणि पुढं बराच वेळ नुसता फुसफुसत राहतो. मी बादली धरून उभा असतो. गंजाचा, शेवाळाचा, तापलेल्या सिमेंटचा वास येतो. आता माझं वय झालं, फॅक्टरीतून निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. तरी हा वास आला की मी सरळ त्या एका उन्हाळ्यात जाऊन उभा राहतो.

म्हैसूरच्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणावं का, यावरून कडकोळच्या आमच्या फॅक्टरीत नागपूरकडून आलेले एक साहेब मला नेहमी चिडवायचे. "अहो, ही तर आमच्याकडची थंडी झाली," म्हणायचे. असेल. इथलं ऊन अंगावर धावून येत नाही हे खरं. ते हळूच पाण्यात शिरतं. गच्चीवरची काळी टाकी दुपारपर्यंत अशी तापते की नळ उघडल्यावर पहिली धार हाताला चटका देते. कॉर्पोरेशनचं पाणी दिवसाआड येतं, कधी तेही चुकतं. लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत त्या दिवसांत माणसं एकमेकांना जेवलात का असं विचारत नाहीत, पाणी आलं का असं विचारतात. बाजारात बदामी आंब्यांच्या टोपल्या लागतात, संध्याकाळी मल्लिगेच्या, म्हणजे मोगऱ्याच्या, माळा ओल्या केळीच्या पानात गुंडाळून विकायला येतात. या सगळ्या वासांच्या तळाशी आटत चाललेल्या टाकीचा वास असतो. तो कुणी बोलून दाखवत नाही एवढंच.

त्या वर्षी युगादीच्या आदल्या दिवशी अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दवाखान्यातून घरी आणलं. आमच्यात पाडव्याला युगादीच म्हणतात. सकाळी आईनं कडुनिंब आणि गूळ कुटून सगळ्यांच्या हातावर ठेवला, अप्पांच्या मात्र जिभेवर ठेवला. त्यांनी तो चघळला. ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून गुळाचं पाणी ओघळून हनुवटीपर्यंत आलं, आणि त्यांना ते कळलंच नाही. त्यांची उजवी बाजू गेली होती. आईनं पदरानं हनुवटी पुसली आणि कुणाकडं न बघता वाटी घेऊन आत गेली. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं की घरी आले म्हणजे बरे झाले.

अप्पा शिंपी. घराचा पुढचा भाग म्हणजे त्यांचं दुकान. कुठल्या तरी काळी आमचे पूर्वज सुई-दोरा आणि विठ्ठलाची वीतभर मूर्ती घेऊन इकडं उतरले, ते इथलेच झाले. मूर्ती अजून आहे. सुई-दोरा अप्पांपर्यंत आला आणि माझ्यापाशी थांबला, कारण मी बी.एस्सी. झालो. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. हे मी अजूनही सांगतो, आणि का सांगू नये? मशीनच्या खडखडाटात, कापडाच्या गठ्ठ्यावर बसून अभ्यास करून मिळवलेली गोष्ट आहे ती. निकाल लागला त्या दिवशी अप्पा गल्लीत भेटेल त्याला थांबवून म्हणत होते, "आमचा मुलगा आता माप घेणार नाही, माप शिकवणार." म्हणजे नेमकं काय, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. पुढं मी कडकोळच्या फॅक्टरीत मालाची तपासणी करायला लागलो. खरंच मापंच घ्यायचो दिवसभर. पण अप्पांना ते मी कधी सांगितलं नाही.

आजारानं त्यांची भाषा नेली, पण सगळी नाही. ज्या कन्नडमध्ये त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांशी वाद घातले ती पार पुसली गेली. उरले ते घरातले मराठी शब्द, तेही एकेक, खोल विहिरीतून पोहरा ओढावा तसे वर येणारे. जुनी गिऱ्हाइकं भेटायला यायची. "हेगिदीरा स्वामी?" म्हणून, कसे आहात म्हणून विचारायची. अप्पा त्यांच्या तोंडाकडं न बघता त्यांच्या कॉलरकडं बघत बसायचे. आणि एकादशीला भजनाची मंडळी जमली की हेच अप्पा आख्खा अभंग न चुकता म्हणायचे! एक शब्द अडायचा नाही. मंडळी खूश होऊन जायची, सुधारतायत म्हणायची. टाळ पिशवीत गेले की अप्पांना पाठीला उशी हवी असायची, आणि उशी हा शब्द काही केल्या सापडायचा नाही.

त्यांचं रोजचं एक काम होतं. आंघोळ झाली की ओलेत्यानंच न्हाणीतला कोपऱ्यातला नळ उघडायचा, तांब्या घासून भरायचा, आणि कुणाशी न बोलता देवघरात जाऊन विठ्ठलाला आंघोळ घालायची. ते पाणी दुसऱ्या कुणी काढलेलं चालत नसे. चालत नाही असं त्यांनी कधी म्हटलं नव्हतं, पण आईनंही इतक्या वर्षांत कधी काढलं नव्हतं. आजारानंतर आई काढायला लागली. अप्पांची खुर्ची आम्ही देवघरासमोर नेऊन ठेवायचो, आणि अप्पा मान वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायचे.

"हे काय, देवाशी कट्टी केली का तुम्ही?" आई एक दिवस म्हणाली. "मी काढलेल्या पाण्यानं त्याला सर्दी होते होय?"

अप्पांचा ओठ हलला. आई थांबली, मी थांबलो, स्वयंपाकघरातून माझी बायको शोभा हातातलं लाटणं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"पाणी," अप्पा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "मी."

घरी आल्यापासून त्यांनी मागितलेली ही पहिली गोष्ट. स्वतःसाठी त्यानंतरही दुसरं काही मागितलं नाही.

मी न्हाणीत जाऊन तो नळ पाहिला. जुना पितळी नळ, वर फुलासारखी मूठ. गळतो म्हणून येताजाता प्रत्येकजण तो आवळायचा. आवळून आवळून असा झाला होता की धडधाकट माणसालाही मूठ घट्ट धरून तीन-चारदा पिळल्याशिवाय पाणी येत नसे. एका हातात काठी धरणाऱ्या माणसाला तो कसा उघडणार? मला प्रश्न अगदी सरळ दिसला. नळ जड आहे, तर हलका बसवायचा. विज्ञान शिकलेल्या माणसाला प्रश्न असा सरळ दिसला की फार बरं वाटतं.

प्लंबरला निरोप पाठवला. त्याचं उत्तर आलं, "नाळे बर्तीनि सार." उद्या येतो. त्यानंतर तो जेव्हा जेव्हा रस्त्यात भेटला तेव्हा सायकलवरूनच हात करून "नाळे, नाळे" म्हणत गेला. बिचारा खोटं बोलत नसावा. पाण्याच्या टंचाईत त्याला सगळा मोहल्ला बोलवत होता. शेवटी मी घरात जाहीर केलं, की नळ मीच बसवणार.

"तुम्ही?" शोभा म्हणाली. ती सोलापूरची, आमच्या घरातल्या कन्नड-मराठी खिचडीत तिचं एकटीचं मराठी स्वच्छ धुतल्यासारखं वाटायचं, आणि टोमणा तर फारच स्वच्छ. "अहो, तुम्हाला कुकरची शिट्टी बसवता येत नाही."

"कुकरची शिट्टी वेगळी, नळ वेगळा."

"हो ना. कुकर फुटला तर नुसता भात जातो."

कोपऱ्यावर तुकोजीरावांचं हार्डवेअरचं दुकान होतं. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत होते. बोलताना ते अजूनही समोरच्याला रांगेत उभं केल्यासारखे बोलायचे. मला लहानपणापासून ओळखायचे, आणि पदवी मिळाल्यापासून नावानं हाक मारायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

"काय डिग्री, आज इकडं कुठं?"

"अण्णा, नळ पाहिजे. हलका. लांब दांडीचा."

"दवाखान्यात असतो तसला? डॉक्टर कोपरानं ढकलतात तो?"

"हौदु अण्णा, तसलाच."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. "अप्पासाठी होय?" मग मागं वळून फळीवरची खोकी उगाचच हलवत राहिले. "तुझ्या अप्पानं माझ्या लग्नाचा कोट शिवला. एक बाही बोटभर लांब झालीय. जन्मभर भांडलो त्यावरून. कबूल करेल तर शपथ! म्हणायचा, बाही बरोबर आहे, तुझाच हात आखूड आहे." ते हसले. हसता हसता थांबले. "बसवणार कोण?"

"मी."

"अय्यो रामा! घरात पाना आहे का, का टेपनं मोजून कात्रीनं बसवणार?"

पाना त्यांनीच दिला, परत आणून द्यायच्या बोलीवर. नळ घेऊन घरी आलो. चकचकीत होता, दांडी वीतभर लांब, एका बोटानं इकडची तिकडं व्हायची. मी तो अप्पांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी डाव्या हातानं दांडी फिरवून पाहिली, परत फिरवली, नळाच्या तोंडात बघितलं. मग कापड पारखावं तसं अंगठ्यानं त्याचं अंग चोळलं आणि माझ्याकडं परत दिला. मी त्याला होकार समजलो.

रविवारी सकाळी कामाला लागलो. न्हाणीच्या दारात खुर्ची टाकून अप्पांना बसवलं, म्हणजे त्यांनाही करमेल. गच्चीवर जाऊन टाकीचा कॉक बंद केला. तो गंजून नुसताच गोल फिरत होता, पण ते मला खाली आल्यावर कळलं. पाना लावला. नळ हलेना. मशीनचं तेल सोडलं, वाट पाहिली, पुन्हा जोर लावला. हलेना. मग दोन्ही पाय भिंतीला रोवून असा हिसका दिला की नळ सुटला, मी मागं पडलो, आणि नळाबरोबर भिंतीतल्या पाइपाचं तोंडही तुटून हातात आलं.

पाणी सरळ समोरच्या भिंतीवर जाऊन आदळलं.

"अय्यो, टाकी गेली! सगळं पाणी गेलं रे!" आई ओरडली. शोभा हंडा, बादली, पातेली, हाताला लागेल ते घेऊन धावली. मी त्या भोकावर अंगठा दाबला तर अंगठ्याच्या चारी बाजूंनी फवारे उडाले आणि माझा चष्मा वाहून गेला. फडकं कोंबलं, फडकं परत तोंडावर आलं. अंगठा दाबून, चिंब होऊन, आंधळ्यासारखा मी तसाच बसून राहिलो. हात काढला तर पाणी जाणार, आणि हात न काढता दुसरं काहीच करता येणार नाही. त्या उन्हाळ्याचं चित्र कुणी काढायला सांगितलं तर मी हेच काढीन.

तेवढ्यात काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. अप्पा डाव्या हातानं दुकानाकडं बोट दाखवत होते. तोंड हलत होतं, शब्द येत नव्हता.

"काय पाहिजे अप्पा? कात्री? कापड?" शोभा विचारत होती.

"री," ते म्हणाले. "री... रीळ."

दुकानात जुनी लाकडी रिळं होती, दोरा संपलेली. शोभानं एक आणलं. अप्पांनी खुणेनं त्याला चिंधी गुंडाळायला लावली. मी ते भोकात घालून हातोडीनं ठोकलं. पाणी थांबलं. न्हाणी अचानक इतकी शांत झाली की आईच्या बांगड्यांमधून गळणारे थेंब ऐकू आले.

त्या दिवशी दुपारपर्यंत टाकीतलं उरलंसुरलं पाणी भांड्यांत काढून घेतलं, भिंत फोडली, तुटलेला तुकडा काढला, नवा आणून जोडला. आता नळ बसवायचा तर त्याच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेप आणायची राहिली होती, आणि तुकोजीराव रविवारी अर्धा दिवसच दुकान उघडायचे. शिंप्याच्या घरात टेप नसेल, दोऱ्याला काय तोटा? पूर्वी दोराच वापरायचे म्हणतात, रंग लावून. मी जाड सुती दोरा घेतला, घरातला पांढरा रंग चोळला आणि गुंडाळायला लागलो.

"बटण," अप्पा म्हणाले. म्हणजे बटणाखाली दोरा फिरवतात तसा आवळून फिरव. लहानपणी त्यांच्यासमोर बसून शेकडो बटणं लावली होती मी. तस्साच फिरवला, एकाला एक चिकटून, देखणा. नळ आत फिरवायला लागलो तर दोरा आपला गोळा होऊन बाहेर. पुन्हा गुंडाळला, पुन्हा बाहेर. पुन्हा. शेवटी अप्पांनी डाव्या हाताचं बोट हवेत उलट्या बाजूनं गोल फिरवलं, आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. बटणाचा दोरा ज्या बाजूनं फिरतो त्याच्या उलट बाजूनं नळ आत जातो. मी गुंडाळत होतो आणि नळ उसवत होता. आम्हा बापलेकांच्या हाताला दुसरी बाजू ठाऊकच नव्हती. अप्पांना हसू फुटलं. अर्ध्याच चेहऱ्यावर फुटलं, पण खांदे पूर्ण हलले. "उलटं," ते म्हणाले, "सगळं... उलटं." आई स्वयंपाकघरातून धावत आली, काय झालं म्हणून. तिनं त्यांना हसताना पाहिलं आणि आल्या पावली परत गेली, डोळे पुसायला असेल.

संध्याकाळी भांड्यांतलं पाणी परत टाकीत ओतून नळाची परीक्षा झाली. अप्पांना स्टुलावर बसवलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, डावा हात पुढं केला, दांडी ढकलली. धार त्यांच्या पायावर पडली. परत ढकलली, थांबली. कुठं थेंब नाही. आईनं शेवयांची खीर केली, शोभानं माझ्या वाटीत काजू जास्त घातले. मी फॅक्टरीत सोमवारी काय आणि कसं सांगायचं ते मनात जुळवत झोपलो.

सकाळी अप्पांना मीच आंघोळ घालायचो. हंड्यातलं ऊन पाणी पाठीवर ओतलं की त्यांची पाठ लहान पोराच्या पाठीसारखी थरथरायची. त्या काळात मी त्यांच्या पाठीशीच बोलायचो, तोंडाशी बोलणं दोघांनाही अवघड जायचं. त्या दिवशी आंघोळ उरकली, पंचा गुंडाळला, स्टूल कोपऱ्यातल्या नळापाशी सरकवलं, घासलेला तांब्या खाली ठेवला आणि दार ओढून बाहेर आलो. आई देवघरात वाती घेऊन तयार. आम्ही पाण्याच्या आवाजाची वाट बघत होतो.

आवाज आला नाही.

"अप्पा, दांडी ढकला. काल केलंत तशी."

मी दार ढकलून आत गेलो. ते दांडीकडं बघत होते. "अडकली का?" म्हणून मी हलवून दाखवली, पाणी आलं, मी ते बंद केलं. अप्पांनी डावा हात वर केला, तळवा माझ्यासमोर धरला, "हा," म्हणाले, आणि तो पाठीमागं नेला. एखादं वाईट कापड गिऱ्हाइकाच्या नजरेआड करावं तसा.

"हा हात चालतो की अप्पा. काल किती छान चालला."

त्यांनी मान हलवली. दारातून आई म्हणाली, "अरे, त्या हातानं देवाचं पाणी काढतील होय ते?"

"मग काल?"

"काल पाय धुतले."

"आई, मग हे तू मला आधी नाही का सांगायचं? आख्खी भिंत फोडली मी!"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे," आई म्हणाली. तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "शिकलेला तू."

आजारापासून ते डाव्या हातानं घासही घेत नव्हते. आई भरवत होती. शौचाला लागणाऱ्या हातानं खाणं नाही, देणं नाही, देवाचं तर नाहीच. हे मी रोज बघत होतो. तरी नळाचा विचार करताना मला फक्त नळ दिसला. त्या सकाळी मी बरंच बोललो. शरीर सगळं एकच असतं, हाताला काय डावं-उजवं, साबणानं धुतला की झालं, देव काय हात तपासायला बसलाय का. वाद घालायला माझ्याकडं पदवी होती. पण तीर्थ घ्यायला मी आजही उजवाच हात पुढं करतो, आणि चुकून डावा गेला तर चटका बसल्यासारखा मागं घेतो. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं.

माझी मुलगी आता म्हैसूरच्याच गोकुलममध्ये राहते. तिच्या नव्या फ्लॅटमध्ये नळाला मूठ नाही, दांडी नाही. हात नुसता खाली धरायचा, पाणी येतं. काढून घेतला की थांबतं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या नळासमोर उगाच बराच वेळ उभा राहिलो. उजवा हात धरला, पाणी आलं. डावा धरला, तरी आलं. त्याला फरक पडत नव्हता. "बाबा, खेळताय काय? पाणी वाया जातंय," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, काही नाही गं, बघत होतो.

त्या सकाळी असला नळ असता तरी काही झालं नसतं. उजवा हात पुढं यायला तर हवा.

पण तेव्हा मी हार मानली नव्हती. नळाची दांडी काढून उजव्या बाजूला वळती करून बसवली; आता ती पुढं, मांडीकडं ओढली की पाणी येणार. फॅक्टरीतून आलं की अप्पांच्या उजव्या हातात मऊ चेंडू द्यायचा आणि दाबा म्हणायचं. चेंडू गळून खाटेखाली जायचा, मी काढून परत द्यायचो. डॉक्टर म्हणायचे, वेळ लागेल. किती, ते म्हणायचे नाहीत. मग मी नळाकडं वळायचो, कारण नळाला निदान काही करता यायचं. दांडीचा स्क्रू जरा सैल केला. तेल घातलं. ती इतकी हलकी झाली की शोभाच्या पदराच्या झटक्यानंही पाणी सुटायचं. नळ हलका होत गेला, हात तेवढाच जड राहिला. रोज सकाळी आंघोळीनंतर अप्पा स्टुलावर बसून दांडीकडं बघत थांबायचे, आम्ही बाहेर थांबायचो, मग आई खाकरून आत जायची आणि पाणी काढायची. अप्पांची मान कॅलेंडरकडं वळायची. आंब्यांचा भाव उतरला, मल्लिगे स्वस्त झाली, टाकीचा तळ दिसायला लागला, आणि आमच्या घरातली प्रत्येक सकाळ त्या एका नळापाशी येऊन अडून बसायला लागली.

आणि एका सकाळी पाण्याचा आवाज आला.

आई देवघरात होती, मी न्हाणीच्या दाराशी. मी फटीतून पाहिलं. अप्पांनी डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं होतं. झोपलेलं मूल उचलावं तसा तो हात उचलून त्यांनी दांडीवर ठेवला होता आणि आपल्याच वजनानं तो मांडीकडं घसरू दिला होता. हात आला, दांडी आली, पाणी आलं. उजव्या हातानं काढलेलं पाणी. तांब्यात पडायला लागलं तसा त्याचा आवाज बारीक होत वर चढला. आईला मी खुणेनं बोलावलं. ती माझ्या खांद्यामागं येऊन उभी राहिली आणि तिनं माझा शर्ट मुठीत धरला.

तांब्या भरला. पाणी काठावरून सांडायला लागलं.

आता दांडी मागं ढकलायची होती. अप्पांनी पुन्हा मनगट उचललं, हात दांडीच्या अलीकडं लावला आणि रेटला. ओली बोटं वळून दांडीखाली गेली, हात घसरून मांडीवर पडला. पुन्हा उचलला. पुन्हा पडला. ओढायला हाताचं वजन पुरलं होतं. ढकलायला जीव लागतो. डावा हात दांडीपासून चार बोटांवर होता. त्यांनी तो तिथं नेला नाही.

मी दाराला हात लावला. ते वळले नाहीत, पण त्यांना कळलं. "नको," म्हणाले. शब्द एकदम स्पष्ट आला.

शोभा स्वयंपाकघरातून आली, पाणी वाहताना ऐकून. काल कॉर्पोरेशनचं पाणी चुकलं होतं. टाकीत होतं ते दोन दिवसांचं, सगळ्या घराचं. गच्चीवरच्या कॉकचा उपयोग नव्हता. आम्ही तिघं त्या अर्ध्या दारासमोर उभे होतो आणि आत अप्पा हात उचलत होते, ठेवत होते, हात पडत होता. मोरीत पाणी चाललं होतं. एका भांड्यालासुद्धा कुणी हात लावला नाही. धार पुढं बारीक झाली, तुटली, नळानं दोन-तीनदा श्वास टाकला आणि टाकी संपली.

तेव्हा अप्पांनी हात मांडीवर राहू दिला. "ये," म्हणाले. मी आत गेलो. तांब्या त्यांना उचलता येणार नव्हता, तो मी उचलला, आणि त्यांच्या काठीच्या मागोमाग देवघरात गेलो. आईनं मूर्ती ताम्हनात ठेवली. अप्पांनी मान वळवली नाही. माझ्या हातातल्या तांब्याला त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात टेकवून धरला, आणि मी तो हळूहळू तिरका केला. त्या दिवशी घरात आंघोळ फक्त अप्पांची आणि विठ्ठलाची झाली. शोभा शेजारून एक घागर मागून आणून स्वयंपाकाला लागली. काय झालं असं शेजारणीनं विचारलं तर म्हणाली, नळ उघडा राहिला.

त्याच संध्याकाळी पाणी आलं, टाकी भरली. रात्री मी दांडीला चिंध्या गुंडाळून पाहिल्या, हात घसरू नये म्हणून. मला वाटलं, एवढं झालं की जमेल.

सकाळी आंघोळ झाल्यावर मी स्टूल कोपऱ्याकडं सरकवायला लागलो, तर अप्पांनी काठीनं ते अडवलं. दाराकडं बोट दाखवलं. मी त्यांना धरून देवघरात नेलं, खुर्चीवर बसवलं. त्यांनी ताम्हनाशेजारच्या रिकाम्या तांब्याकडं बोट दाखवलं, आईनं तो त्यांच्या उजव्या मांडीवर ठेवला, मग त्यांनी निर्जीव हाताची बोटं त्याच्या गळ्यात कशीबशी अडकवली आणि तो हात मनगटाशी धरून माझ्यापुढं केला.

"घे," ते म्हणाले.

मी न्हाणीत गेलो. तांब्या नळाखाली धरला. दांडीला बोट लावलं मात्र, पाणी आलं. इतका हलका बसला होता तो नळ.